जाहिरातींमधला निकाल

कारखान्यात त्यांना सगळे जजबाई म्हणत. हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही असं त्या सांगायच्या, पण कुणी नुसतं बाई म्हणून हाक मारली तर चटकन वळूनही बघायच्या नाहीत. यावरून काय ते समजावं.

नाव पडलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे त्यांचं काम. शर्टांच्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलावर त्या तपासणीला होत्या. शिवून, काजं-बटणं होऊन आलेला शर्ट त्यांच्यापुढे पडायचा. कॉलरपासून सुरुवात करून खांदे, बाह्या, कफ, खिसा, बटणपट्टी असं क्रमानं बघत त्या खाली घेरापर्यंत यायच्या. चूक दिसली की तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि शर्ट मागे पाठवायचा. भले भले कारागीर तो लाल बाण बघून तोंड बारीक करायचे. कुणी म्हणालं, 'जाऊ द्या ना बाई, एवढंसं तर आहे,' तर जजबाई म्हणायच्या, 'एवढंसं आहे म्हणून तर दिसलं मला.'

दुसरं कारण मालिका.

मालिका तपासाची होती आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागायची. कमी बोलणारी एक तपास अधिकारी बाई आणि दर भागात नवा गुन्हा. गुन्हा कुणी केला हे मालिकावाले फार वेळ लपवत नसत. खरी मेख पुढेच असायची. गुन्हेगाराच्या घरात कुणाला तरी सगळं कळायचं, आणि आता ते माणूस सांगणार की झाकणार, बरोबर अशा जागी जाहिराती लागायच्या. जजबाईंच्या घरात त्या वेळी टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. साबणवाले, टूथपेस्टवाले मुक्यानं हसत राहायचे आणि सोफ्यावरच्या प्रत्येकानं सांगायचं, त्या माणसाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं. कुणीच 'माहीत नाही' म्हणायचं नाही, असा घरचा दंडक होता.

सुरुवात नवऱ्यापासून व्हायची. ते लिफ्टदुरुस्तीचं काम करत, म्हणून अख्खी इमारत त्यांना लिफ्टवाले म्हणायची. लिफ्टवाल्यांचं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं, 'मी आधी चहा ठेवला असता.' मग मुलगा. तो औषधांच्या दुकानात कामाला होता आणि बोलण्यात आईवर गेला होता. गुन्हेगाराची बाजू घेऊन तो इतका भांडायचा की जजबाईंनी त्याला दोन-तीनदा वकीलसाहेब म्हणून कोपरापासून हात जोडले होते. मग छोटू. छोटू म्हणजे जजबाईंचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली तेव्हा तो चड्डीत होता, त्याचं शेंबडं नाक जजबाईंनी पुसलं, त्याला शाळेत ओढत नेलं, आणि आता तोच शाळेच्या पोरांची व्हॅन चालवत होता, मागच्या काचेवर भाच्यानं चित्रं काढून दिलेली. मालिकेच्या दिवशी तो बहिणीकडे जेवायला असायचा. छोटूला कुणाचंच काही वाईट बघवत नसे. गुन्हेगार रडायला लागला की याचेही डोळे भरायचे.

शेवटी जजबाई. त्यांचं झालं की निकाल लागला म्हणायचं. निकालही ठरलेला असायचा: सांगून टाकायचं. नवरा असो, भाऊ असो, पोटचं पोर असो. जो झाकतो तो करणाऱ्याहून मोठा चोर. हे बोलताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची, की समोरच्याला उगाचच आपण काही केलंय का ते आठवून बघावंसं वाटायचं.

आणि मग तो केकवालीचा भाग लागला.

केकवाली म्हणजे मालिकेतली एक विधवा, केकचं दुकान चालवणारी. तिच्या मुलाचं शेजारच्या दुकानदाराशी भांडण होतं, हा त्याला ढकलतो, तो पायरीवर डोकं आपटून मरतो. पोरगा घरी येतो, शर्ट धुऊन वाळत घालतो. त्याचा काका सांगतो, गप्प बस, कुणी पाहिलेलं नाही. आणि केकवाली शर्टाची घडी करताना बघते, तर एक बटण नाही. ते बटण तिनं सकाळीच तपास अधिकारी बाईच्या हातात पाहिलेलं असतं. शर्ट हातात धरून ती उभी, आणि जाहिराती.

'बटण एवढ्या उशिरा दिसतंय बाईला?' जजबाई म्हणाल्या. 'मी तर तो दोरीवर वाळतानाच ओळखला असता. हं, करा सुरुवात.'

लिफ्टवाल्यांनी आवाज बंद केला, पण चहाचं काही बोलले नाहीत. म्हणाले, 'तूच सांग आज.'

'हे काय नवीन? आणि आमचे वकीलसाहेब?'

मुलगा टीव्हीवरच्या साबणाकडे बघत होता. 'तू सांग ना, आई. मला आज डोकं नाही.'

छोटू त्या दिवशी नेहमीच्या जागी बसलाच नव्हता. दाराजवळच्या स्टुलावर टेकला होता, चप्पल पायातच होती. त्याला कुणी विचारायच्या आत तो म्हणाला, 'ताई, तिचा तो एकुलता एक आहे गं.'

'म्हणूनच!' जजबाई कडाडल्या. 'मी असते तर हाताला धरून चौकीत नेला असता. रडू दे, पाया पडू दे. ज्याचा जीव गेला त्याची आई काय करत असेल? आणि तो काका आहे ना, गप्प बस म्हणणारा, त्याला तर आधी आत टाकला पाहिजे. घरातली असली माणसंच पोरं बिघडवतात. माझ्या घरात असं कुणी केलं तर मी तोंड बघणार नाही त्याचं. मग तो कुणी का असेना.'

टीव्हीवर एक मुलगी आवाजाविना केस झुलवत होती. मुलगा उठला आणि आत गेला. लिफ्टवाल्यांनी आवाज परत लावला, पण मालिका पुन्हा सुरू व्हायच्या आधीच छोटू म्हणाला, 'ताई, मी निघतो. गाडीचं काम निघालंय.' जेवायलाही थांबला नाही. केकवालीनं शेवटी तेच केलं जे जजबाईंनी सांगितलं होतं, मुलाला हाताला धरून नेलं, पण जजबाईंना नेहमीसारखी मजा आली नाही. निकाल बरोबर आला आणि टाळी द्यायला शेजारी कुणी नाही, म्हणजे काय? त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबे उघडले आणि केकवालीवरून जुंपली. काजवाली म्हणजे काजांच्या मशीनवरची त्यांची मैत्रीण. बोलायला तिखट आणि जजबाईंना न घाबरणारी बहुधा एकटीच.

'ती आई कसली गं, ती तर हवालदार,' काजवाली म्हणाली. 'पोरगं थरथरत घरी आलं तर मी आधी पोटाशी धरीन. चौकी काय, कुठे पळून जात नाही.'

'आणि मग झाकशील.'

'झाकेन किंवा नेईन, ते नंतर. आधी विचारेन तरी, बाबा रे, काय झालं? हिनं काय केलं? बटण मोजलं!' बायका हसल्या. जजबाईंना ते हसणं झोंबलं.

तेवढ्यात काजवालीला काहीतरी आठवलं. 'खऱ्यातही असली पोरं आहेतच म्हणा. आठवड्याभरापूर्वी मी बसमधून पाहिलं, पाण्याच्या टाकीच्या वळणावर. स्कूटर आडवी पडलेली, काचा सांडलेल्या, रस्त्यावर रक्त, आणि स्कूटरवाल्याचा पत्ता नाही. लोक म्हणत होते, कुणाला तरी उडवलं आणि पळाला.'

'कसली स्कूटर?' जजबाईंनी विचारलं.

'करडी होती. का गं?'

'काही नाही,' म्हणून जजबाईंनी डबा झाकला. त्यांच्या मुलाची स्कूटर करडी होती. आणि मालिकेच्या दोन-चार दिवस आधीपासून ती खाली उभी नव्हती. इंजिनाचं काम निघालं म्हणून गॅरेजमध्ये टाकली आहे, असं लिफ्टवाल्यांनी सांगितलं होतं. ते सांगताना चष्मा पुसत होते, हे त्यांना आत्ता आठवलं.

संशयाचं असं असतं की एकदा तो घरात शिरला की त्याला वेगळं ताट वाढावं लागत नाही, तो सगळ्यांच्याच ताटात जेवतो. जजबाईंना आता जे दिसेल त्यात काहीतरी दिसायला लागलं. मुलगा एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत होता. हातानं जेवणारा पोरगा चमच्यानं जेवायला लागला होता. 'हे काय साहेबी थेर?' असं त्यांनी विचारलं तर म्हणाला, 'दुकानात औषधं हाताळतो ना आई, बोटांना वास राहतो.' तांदळाची पिशवी वर चढवायला सांगितली तर याला नेमका फोन आला, आणि पिशवी गुडघेदुखीवाल्या बापानं चढवली. बाप-लेक स्वयंपाकघरात कुजबुजत उभे असायचे आणि जजबाई दारात आल्या की नळाबद्दल बोलायला लागायचे. नळाला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी उघडून बघितला होता.

आणि छोटू. छोटू मालिकेच्या पुढच्या भागाला आलाच नाही. फोनवर म्हणाला, शाळेच्या जादा फेऱ्या आहेत. जजबाईंनी त्याच्याकडे मन मोकळं करायचं ठरवलं होतं, कारण या घरात सरळ माणूस असा तोच एक, असं त्यांचं मत होतं. 'अरे, घरात काहीतरी शिजतंय. तुला भाचा काही बोललाय का?' असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, 'मला काय बोलणार, ताई?' आणि गाडीत पोरं बसली आहेत म्हणून फोन ठेवला. मागे पोरांचा आवाज मात्र नव्हता. पण त्याच्यावर कशाला संशय घ्यायचा? जजबाईंनी तो विचार तिथेच झटकला.

मग त्यांनी शर्ट पाहिला.

निळ्या रेघांचा शर्ट, त्यांच्याच कारखान्यातला, मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी स्वतः निवडून आणलेला. इस्त्रीला काढला आणि त्यांचा हात थांबला. डाव्या बाहीवरच्या रेघा आणि उजव्या बाहीवरच्या रेघा यांत सुताएवढा फरक होता. उजवी बाही नवी होती. कुणीतरी शिंप्याकडून बदलून घेतली होती, जवळपास तसंच कापड शोधून, नीट, काळजीपूर्वक. दुसऱ्या कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ज्या घरात शेवटच्या टेबलावरची बाई राहते, त्या घरात शर्टाची बाही बदलून परत कपाटात ठेवायची, ही अक्कल फक्त तिच्या नवऱ्यालाच सुचू शकते.

इस्त्री बाजूला ठेवून जजबाई पलंगावर बसल्या. त्यांना केकवाली आठवली, पण आता मजा वाटत नव्हती. कुणाचा तरी म्हातारा बाप रस्ता ओलांडत असेल. कुणाची तरी पोरगी असेल. आणि आपला हा हसरा, वकिली करणारा पोरगा त्याला तसंच टाकून घरी आला, जेवला, झोपला, आणि बापानं बाही बदलून आणली. त्यांना रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला. काजवालीचं 'पोटाशी धरीन' कानात वाजत होतं आणि त्याच वेळी आपलंच 'तोंड बघणार नाही' हेही. सोफ्यावर बसून बोलायला काय जातं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. पण म्हणून मागे हटायचं? मग इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना ज्या शिव्या घातल्या त्यांचं काय?

खात्री करायला म्हणून त्या कारखान्यातून येताना गॅरेजवर गेल्या. स्कूटर कोपऱ्यात उभी होती. उजवी बाजू खरवडून निघालेली, आरसा तुटलेला, पायदान वाकलेलं. गॅरेजवाला त्यांना ओळखत होता. त्यांना बघून तो उगाच एक पाना शोधायला लागला.

'इंजिनाचं काम ना?' जजबाईंनी विचारलं.

'बाई, मला काही विचारू नका. लिफ्टवाल्यांना विचारा,' तो म्हणाला. 'मी गरीब माणूस, मला तुमच्या घरात घालू नका.'

एवढं पुरे होतं. त्यांनी स्कूटरभोवती फिरूनही पाहिलं नाही. टेबलावर शर्ट आला की कॉलरपासून सुरुवात करायची, चूक जिथे वाटते तिथे उडी मारायची नाही, हे नव्या मुलींना शिकवणारी बाई; पण त्या दिवशी त्यांना पाहिजे होतं तेवढंच त्यांनी पाहिलं आणि घरी आल्या.

रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकाला हात लावला नाही. बाहेर जायचे कपडे केले, चपला घातल्या, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या. लिफ्टवाले दाढी करत होते. मुलगा आतून पेपर घेऊन आला आणि आईला तशी बसलेली बघून दारातच थांबला.

'चल,' जजबाई म्हणाल्या.

'कुठे?'

'चौकीत. हाताला धरून नेईन म्हणाले होते ना? तशी वेळ माझ्यावर आणू नकोस. आपला आपण चल.'

लिफ्टवाले तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आले. 'अगं, काय चाललंय?'

'तुम्ही बोलू नका. तुमचा नंबर नंतर. बाही बदलून आणता काय? मला? माझ्या घरात?' मग मुलाकडे वळून म्हणाल्या, 'मला सगळं कळलंय. पाण्याच्या टाकीचं वळण. एकच सांग. कुणाला उडवलंस? जिवंत आहे का ते माणूस?'

मुलगा हसला, अगदी थोडं, आणि ते हसणं बघून जजबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं पेपर खाली ठेवला, डाव्या हातानं उजव्या कफचं बटण काढलं आणि बाही हळूहळू वर दुमडत नेली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधलेली होती. पट्टीच्या वर, दंडावर, कातडी जांभळी आणि पिवळी पडली होती.

'मला उडवलं, आई,' तो म्हणाला. 'मी सरळ चाललो होतो. मागून आली गाडी.'

'पण लोक म्हणत होते, स्कूटरवाला पळाला…'

'स्कूटरवाल्याला एका भाजीवाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं. स्कूटर तिथेच राहिली. चौदा टाके आहेत.'

'मागचा दिवा फुटलाय तिचा,' लिफ्टवाले हळू आवाजात म्हणाले. 'पुढून ओरखडासुद्धा नाही. तू गेली होतीस ना गॅरेजवर? गॅरेजवाल्याचा फोन आला होता. मला वाटलं, बघितलंस म्हणजे कळलं असेल तुला.'

'मग हे मला सांगायला काय झालं होतं?' जजबाई ओरडल्या. 'माझं पोर रस्त्यावर पडलं आणि मला नळाच्या गोष्टी सांगता? कोण होता तो? गाडीचा नंबर घेतला की नाही? सोडून कसा पळाला तो मेला?'

बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. तेच बघणं, जे बघून त्या इतके दिवस जळत होत्या.

'मागच्या काचेवर पिवळे फुगे काढलेले होते,' मुलगा म्हणाला. 'मीच काढलेत ना ते. मी पडल्या पडल्या ओळखली गाडी.'

जजबाई पर्स धरून बसल्याच होत्या. ती पर्स त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडली, तरी त्यांनी उचलली नाही.

'मामाला माहीत नव्हतं मी आहे ते,' मुलगा घाईघाईनं सांगू लागला. 'गाडी रिकामी होती, शाळेतून परत चालला होता, फोनकडे बघत होता. काहीतरी लागलं एवढं कळलं आणि घाबरून सुटला. आधीच एकदा परवान्यावर शेरा बसलाय त्याच्या. दवाखान्यातून मीच त्याला फोन केला. म्हटलं, मामा, मी होतो. तर दहा मिनिटांत आला. तिथल्या फरशीवरच बसला, आई. तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही त्यानं. रोज दुकानात येतो, माझी पट्टी बदलताना बघत बसतो.'

'आणि तुम्ही झाकलंत.'

'त्या केकवालीच्या दिवशी सांगणार होतो,' लिफ्टवाले म्हणाले. त्यांच्या गालावरचा फेस वाळत आला होता. 'तिघांनी ठरवलंच होतं. मालिका संपली की सांगायचं. छोटू त्यासाठीच आला होता, स्वतःच्या तोंडानं सांगतो म्हणाला होता. आणि तू जाहिरातींमध्ये निकाल दिलास. हाताला धरून चौकी. तोंड बघणार नाही. झाकणाऱ्याला आधी आत. तुला वाटतं तू टीव्हीतल्या बाईला सांगतेस. आम्ही सोफ्यावर असतो गं. आम्ही ऐकतो ते.'

'म्हणून मला काही सांगायचंच नाही? मी काय राक्षसीण आहे?'

'तसं नाही,' मुलगा म्हणाला. 'पण तुला बाही दिसली, आई. तू म्हणालीस, कुणाला उडवलंस. इतके दिवस मी चमच्यानं जेवतोय. बदललेली बाही बघून तुला एकदाही वाटलं नाही का, की आतला हात कसा असेल?'

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जजबाईंना उत्तर देता आलं असतं, भांडणात त्या कुणाला हार जात नसत. त्यांना आता शरम वाटली, अशी शरम की ती घेऊन बसता येईना आणि उठताही येईना. आणि माणसाला असं झालं की ते दुसऱ्या कुणावर तरी तुटून पडायला बघतं. त्यांनी वाकून खाली पडलेल्या पर्समधून फोन काढला.

'आई, नको.'

'तू गप्प बस. माझ्या पोराला रस्त्यात टाकून गेला तो. मी वाढवला त्याला, माझ्या हातांनी! भाऊ असला म्हणून काय झालं?' नंबर लागला. एवढं वाक्य त्यांनी मनात तयार ठेवलं होतं: चौकीत ये, मी निघालेय, नाही आलास तर मी सांगेन. मुलगा तसाच दुमडलेल्या बाहीनं समोर उभा होता. लिफ्टवाले भिंतीला टेकले होते.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

'ताई,' छोटू म्हणाला. मग, 'कळलं तुला?'

'कळलं.'

आणि तो रडायला लागला. लहानपणी शाळेच्या फाटकात रडायचा तसाच, श्वास अडकत, हुंदक्यांमध्ये ताई, ताई म्हणत. 'मी थांबायला पाहिजे होतं गं. मी थांबलो नाही. तू ने मला, कुठे न्यायचं तिथे ने.' जजबाईंनी तोंड उघडलं. ते तयार ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं, आपोआप, इतकं मऊ की घरात कित्येक दिवसांत कुणी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

'तुला कुठे लागलं नाही ना रे?'

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी वर बघितलं. मुलगा बाही खाली घेत होता. पट्टीवरून ती सावकाश ओढून मनगटापर्यंत आणली आणि डाव्या हातानं कफचं बटण काजात घालायला लागला. बटण निसटत होतं. त्यानं परत प्रयत्न केला, ते परत निसटलं.

जजबाईंनी फोन सोफ्यावर टाकला. त्यातून छोटूचा आवाज येतच होता. त्या उठून मुलाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, 'बघू, बाळा. दाखव मला. फार दुखतंय का?'

'आता बरं आहे, आई,' तो अगदी समजुतीनं म्हणाला, आणि बटण लावून घ्यायला हात वडिलांपुढे केला.